खुर्द्याचा सत्कार

जुलै लागला की आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा भाव वधारतो. गणेश मंडळ, पतसंस्था, शाळा, होऊ घातलेले नगरसेवक, सगळ्यांना २६ तारखेला मंचावर एक फौजी हवा असतो. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "मेजर, तुम्ही कारगिलला होता ना?" (आमच्याकडे शिपाई म्हणून पेन्शन आलेला असो की सुभेदार म्हणून, गाव सगळ्यांनाच मेजर करून टाकतं. या बढतीला ना परीक्षा, ना पगारवाढ.) मी नव्हतो म्हटल्यावर पलीकडचा माणूस जरा घुटमळतो आणि विचारतो, "मग तुमच्या ओळखीचं कोणी?"

मी सिग्नल्समधला, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतला. पणजीच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडलो, त्यानंतरची सगळी नोकरी लाईन टाकण्यात, एक्स्चेंज चालू ठेवण्यात आणि कुठे तरी तुटलेली केबल अंधारात चाचपडत शोधण्यात गेली. माझ्या हातून शत्रूचा एकही माणूस मेलेला नाही. फौजेत असे आम्हीच जास्त असतो: ड्रायव्हर, स्वयंपाकी, क्लार्क, स्टोअरवाले, नर्सिंग असिस्टंट, गाड्या दुरुस्त करणारे. बंदूक सगळ्यांना चालवता येते, पण पंचवीस वर्षांत ती शत्रूवर चालवायची वेळ फार थोड्यांवर येते. मंचावर मात्र जो उभा केला जातो तो टेकडी चढणारा, छातीवर गोळी झेलणारा असावा लागतो. तो नसेल तर आमच्यापैकीच कोणाला तरी निवेदक तसा बनवतो. "सीमेवर प्राणांची बाजी लावून" हे शब्द माझ्याबद्दल मी ऐकलेले आहेत. त्या काळात मी भटिंड्याच्या छावणीत एका बिघडलेल्या स्विचबोर्डाशी झटत होतो.

आपण सैनिकाचा सत्कार करतो तेव्हा खरं तर आपल्याला आधीच पाठ असलेल्या एका गोष्टीचा सत्कार करतो. ज्याचं आयुष्य त्या गोष्टीत बसत नाही त्याला मंचावर जागा नसते, आणि ज्याचं बसतं त्याला बोलायला जागा नसते. माझी तक्रार आहे ती याबद्दल. सत्कार होतात याबद्दल नाही.

कारण खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. शाल खांद्यावर पडते, नातवंडं मोबाईलवर फोटो काढतात, एरवी उंबऱ्यावर कधी न आलेला सरपंच पाया पडतो. कोणाला आवडणार नाही? माझ्या ओळखीचे एक वयोवृद्ध नायक आहेत, १९७१ला पूर्वेकडच्या आघाडीवर होते. ते एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. मेडल्स आदल्या रात्री पॉलिश करून ठेवतात आणि माईक मिळेल या आशेवर खुर्चीच्या कडेला बसून राहतात. दुसरे एक हवालदार आहेत, ते असल्या निमंत्रणाचं पाकीटही उघडत नाहीत. या दोघांत एक नम्र आणि एक हौशी असा हिशेब लोक लावतात, पण दोघांची अडचण एकच आहे. पहिल्याला काही तरी सांगायचं आहे आणि ते कोणी विचारलेलं नाही. दुसऱ्याने ते कधीच ओळखलंय.

सत्काराच्या खुर्चीत बसल्यावर मनात जे येतं ते फारसं उदात्तही नसतं. मला आठवतो तो आमच्या युनिटचा एक लाईनमन, वन-टन गाडी दरीत गेली त्यात गेलेला. शत्रू नाही, गोळी नाही, रस्त्यावरचा बर्फ फक्त. फौजेच्या कागदपत्रांत मृत्यूचे खाने असतात: बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. नोंद कुठे पडते त्यावर घरच्यांचं पेन्शन ठरतं. लढाईतल्या मृत्यूला शेवटचा पगार पूर्ण, ड्युटीवरच्या अपघाताला साधारणपणे त्याच्या साठ टक्के. सरकारला कुठे तरी रेघ मारावीच लागते, हे मी समजू शकतो. पण तीच रेघ गावानेही मारावी? एकाच्या नावाची कमान उभी राहते आणि दुसऱ्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर कुजबुज चालते.

कारगिलला आम्ही ५२७ माणसं गमावली. त्यांची आठवण दर वर्षी होते, व्हायलाच हवी. आता दुसरा आकडा सांगतो. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांत आख्खी फौज सीमेवर जाऊन बसली. ऑपरेशन पराक्रम. राजस्थानच्या वाळूत आम्ही दिवाळीपर्यंत, म्हणजे जवळपास दहा महिने, आज नाही तर उद्या हुकूम येईल म्हणून थांबलो होतो. उन्हाळ्यात केबलचं आवरण हाताला चिकटायचं. सुरुंग पेरले गेले, लाखांच्या घरात, आणि नंतर ते उचललेही गेले. पेरतानाही माणसं मेली, उचलतानाही मेली. गाड्यांच्या अपघातात मेली, दारूगोळ्याच्या स्फोटात मेली. युद्ध झालंच नाही. ऑक्टोबर २००२मध्ये माघारीचा निर्णय आला. या मोहिमेत ७९८ जवान गेल्याचा आकडा पुढे संसदेत दिला गेला.

म्हणजे न झालेल्या युद्धात झालेल्या युद्धापेक्षा जास्त माणसं गेली. याचा दिवस कुठल्या कॅलेंडरवर आहे? ऑपरेशन पराक्रमचं पदक आहे, माझ्याकडेही आहे. शाळेत एकदा एका मुलाने त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुठल्या लढाईचं?" लढाई झाली नाही, असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती अगदी प्रामाणिक होती. त्याचं चुकलं नाही. लढाई टळली याचा आनंद आणि ती टळावी म्हणून जे वाळूत मेले त्यांची आठवण, या दोन गोष्टी एकत्र सांगायला आपण त्याला कधी शिकवलंच नाही. ज्या फौजेची बंदूक न सुटता काम झालं ती फौज यशस्वी, हे कुठल्याही सुभेदाराला कळतं. मग मंचाला का कळू नये?

पराक्रमचं दुखणं विस्मरणाचं आहे. श्रीलंकेचं त्याहून अवघड. जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना म्हणून आपली फौज जाफन्यात गेली आणि ज्या तमिळांचं रक्षण करायला गेली त्यांच्यातल्याच बंडखोरांशी तिला लढावं लागलं. मराठा लाईट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी तिथे होत्या. मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते तिथलंच. ते आठव्या महारचे, जन्म मुंबईचा. जवळपास बाराशे माणसं आपण तिथे ठेवून आलो. शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला परत आली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. न जाण्याचं कारण त्यांनी लपवलं नाही: या फौजेने तमिळ माणसं मारली. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी कोलंबोजवळ श्रीलंकेने स्मारक बांधलं. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं २५ फेब्रुवारी २०१९ला, तेव्हा कुठे ती नावं राजधानीतल्या दगडावर आली.

फौजी मंडळींत करुणानिधींबद्दल आजही शिव्याच ऐकू येतात. मी मात्र यावर बराच विचार केला आहे आणि त्या माणसाला सरसकट खोटं पाडता येत नाही, असं माझं मत झालं आहे. ऑक्टोबर १९८७मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्याचा आरोप आहे, आणि तो हवेतला नाही. ज्यांच्या भाषेची, नात्याची माणसं तिथे मेली त्यांनी हार घेऊन बंदरावर उभं राहावं, ही अपेक्षा कोणी आणि कशी करायची? पण उलट बाजूही तेवढीच खरी आहे. महारच्या किंवा मराठाच्या त्या शिपायाने जाफना निवडलेलं नव्हतं. ते दिल्लीने निवडलं, आणि दिल्लीतल्या कोणाला बंदरावर तोंड लपवावं लागलं नाही.

माझ्या मते गाठ इथे आहे. आपण सन्मान आणि मान्यता यांचं एकच गाठोडं बांधून ठेवलंय. सैनिकाला नमस्कार केला की युद्धाला होकार दिला असं होतं, आणि युद्ध नकोसं असलं की सैनिकही नकोसा होतो. म्हणूनच जिंकलेल्या, निर्विवाद, टीव्हीवर दिसलेल्या युद्धाचाच सैनिक आपल्याला मंचावर लागतो. त्याला नमस्कार करताना काही विचार करावा लागत नाही. जाफन्यात होता असा सैनिक समोर आला तर त्याला विचारावं लागेल, तिथे काय पाहिलंस, काय केलंस, आता काय वाटतं? आणि उत्तर ऐकून घ्यावं लागेल. सन्मान म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. आमच्या नावावर तुला पाठवलं, तर तू तिथे जे भोगलंस आणि जे केलंस त्यात आमचाही वाटा आहे, एवढं म्हणण्याची तयारी असली तरी पुष्कळ. शाल-श्रीफळात ही तयारी बसत नाही.

अलीकडे १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ला त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून. बाकी देशाला तो त्यांचा दिवस असेल, मराठी माणसाला मात्र तो संक्रांतीचा आणि पानिपताचा. १७६१च्या त्याच तारखेच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती म्हणे एका सावकारी चिठ्ठीतून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. शाळेत हे शिकवतात तेव्हा मोती कोण, मोहरा कोण हे पाठ करून घेतात. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ. खुर्दा, म्हणजे ही चिल्लर, कोण, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. अडीचशे वर्षांत आपल्या हिशेबाची पद्धत फारशी बदललेली नाही, असं मला दर संक्रांतीला वाटतं.

गंमत म्हणजे खुर्दा मोजला होता तो इंग्रजांनी. साताऱ्यात, कोकणात जुन्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एकाचंही नाव नाही, आकडे फक्त. साम्राज्याला नावांशी कर्तव्य नव्हतं. पण त्या पाटीवर गेलेले सगळे आहेत, परत आलेलेही. २०२३मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले. हे आपले, नावानिशी कोरलेले. त्यांतले कित्येक मी वाचलेत. नावं आहेत ती बहुतेक गेलेल्यांची. त्यांचा तो हक्कच आहे. पण मेल्याशिवाय दगडावर जागा नाही ही समजूतही त्याबरोबर घट्ट होते, आणि पेन्शन घेऊन आलेला माणूस जरा अपुरा राहिला असं त्याच्या स्वतःच्याही मनात कुठे तरी बसतं.

फौजेतले क्राफ्ट्समन (कारागीर) मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे. १९६५च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलल्या, चालणं गेलं, पोहायला शिकले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक आणलं. देशाचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये. मधल्या ४६ वर्षांत त्यांनी पुण्यात कंपनीत नोकरी करून संसार चालवला. सुवर्णपदक आणणाऱ्याची ही गत, तर स्विचबोर्डवाल्याने कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

करतो, तरीही. कारण ज्या सन्मानाला करणाऱ्याच्या खिशातून ना पैसा जातो ना वेळ, तो सन्मान कार्यक्रमपत्रिकेपुरता असतो. खर्च करायची वेळ येते तेव्हा काय होतं ते पाहा. १४ ऑगस्ट २०१५ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, वन रँक वन पेन्शनसाठी (एकाच हुद्द्याला, तेवढ्याच नोकरीला सारखंच पेन्शन) जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्या फौजींना पोलिसांनी ओढून काढलं. कपडे फाटले, मेडल्स लोंबली. दुसऱ्या दिवशी देशभर ध्वजवंदनाला माजी सैनिक पहिल्या रांगेत बसवले गेले. तोच माणूस, फक्त एका दिवशी तो मागत होता आणि दुसऱ्या दिवशी गप्प होता.

अपंगत्व पेन्शनचं घ्या. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट असेल आणि तशी नोंद असेल, तर नोकरीत जडलेला आजार नोकरीमुळे जडला असं धरायचं, नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं. त्यानंतरही लष्करी न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार वर अपिलात जात राहिलं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५मध्ये त्यांनी हे खटले कमी कसे करायचे यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अशी अपिलं मागे घ्या, असं तिने सांगितलं. अपिलं तरीही थांबली नाहीत. रक्तदाब, बहिरेपण, मणक्याचा त्रास घेऊन आलेला हवालदार वकिलाच्या पायऱ्या चढतो, आणि त्याच्याविरुद्ध उभा असतो तो देश, ज्याच्या वतीने सकाळी त्याला हार घातला होता.

आणखी एक. पेन्शनचं काम बँकांकडून काढून 'स्पर्श' नावाच्या संगणकप्रणालीवर नेलं. कल्पना चांगली होती. पण एप्रिल २०२२मध्ये ५८ हजारांहून जास्त निवृत्तांचं पेन्शन खात्यात आलंच नाही, कारण त्यांची वार्षिक ओळखपडताळणी त्या प्रणालीत नोंदलेली नव्हती. ओरड झाल्यावर एका वेळेपुरती सूट देऊन पैसे सोडले. ज्यांच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख एक, आधारवर दुसरी, बायकोचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, अशा म्हाताऱ्यांना मी सायबर कॅफेच्या बाकावर बसलेलं पाहिलं आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बोटांचे ठसे झिजलेले, मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. त्या दिवशी सोबत येईल असं एखादं मंडळ, एखादी पतसंस्था मला अजून भेटायची आहे.

आता आमच्याकडेही बोट दाखवलं पाहिजे. राज्याने २०२०मध्ये माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली, नोकऱ्यांत राखीव जागा आहेत, स्वस्त मालाचं कँटीन आहे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे दवाखाने आहेत. शेतमजुराला, ऊसतोड्याला, गटारात उतरणाऱ्या माणसाला यातलं काय आहे? तोही देशाचंच काम करतो, आणि गटारात मेलेल्याची कमान उभी राहत नाही. असं असताना आमच्यातले काही जण गाडीच्या काचेवर 'आर्मी' चिकटवून सिग्नल तोडतात, ग्रामसभेत "मी सीमेवर होतो" म्हणून समोरच्याचं तोंड बंद करतात, आणि टीव्हीवर बसून युद्ध पुकारतात, जे लढायला दुसऱ्याची पोरं जाणार असतात. मान मागून घ्यायची ही सवय आम्हाला सत्कारांनीच लावली. सतत पूजा झाली की दगडालाही आपण देव आहोत असं वाटायला लागतं.

मग करायचं काय? शाली बंद करा असं मी म्हणणार नाही. सोलापूरच्या मागवाल्यांच्या पोटावर पाय कशाला. पण वक्त्यांच्या यादीतून एक पुढारी कमी करा आणि त्याची दहा मिनिटं त्या ७१वाल्या नायकांना द्या. ते रडतील, अडखळतील, कदाचित फौजेबद्दल दोन कडू शब्दही बोलतील. बोलू द्या. फौजेतली जात, अधिकाऱ्याच्या घरी सहायक म्हणून घासलेली भांडी, सुट्टी नाकारल्याने न पाहिलेलं बापाचं तोंड, हेही त्याच नोकरीत असतं. शाळांनी इतिहासाच्या तासाला आमच्यासारख्यांना बोलवावं, २६ जुलै सोडून कुठल्याही दिवशी, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, "तुम्हाला भीती वाटली का?" हा प्रश्न मोठी माणसं कधी विचारत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसं कमी आणि फायली जास्त असतात. तालुक्यात एखादा संगणक येणारा पोरगा नोव्हेंबरात महिनाभर बसवला, तर त्याचा खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल.

हे सगळं लवकर करायला हवं, कारण पुढचा प्रश्न दारात आहे. भूदलातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३मध्ये प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनंतर त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार आणि बाकीचे सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख घेऊन घरी येणार. पेन्शन नाही, कँटीन नाही, आणि योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पोरगा सियाचीनला राहून आलेला असेल, एखाद्या चकमकीत असेल, वय पंचविशीच्या आसपास. गाव त्याला मेजर म्हणेलच, गावाचं काय जातं. घरपट्टीच्या माफीसाठी तो ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेला तर ग्रामसेवक त्याला कुठल्या यादीत घालणार? सरकारने याचं उत्तर दिलं नाही तर निदान ग्रामसभांनी ठराव करून द्यावं, आणि ते त्याच्या सत्काराच्या आधी द्यावं.